आधी रस्ता, आधी पाणी, मग प्लॉट : शेताचा लेआउट पहिल्यांदा आखणाऱ्यांसाठी

सातबारा हातात घेऊन आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो एकच : "साहेब, एकरात किती प्लॉट बसतील?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही. शेतात जायला रस्ता किती रुंद आहे आणि पावसाचं पाणी कुठून येऊन कुठे जातं, हे दोन प्रश्न आधीचे. त्यांची उत्तरं मिळाली की प्लॉट किती बसतील ते आपोआप ठरतं. उलट क्रमाने गेलात तर कागदावर प्लॉट भरपूर दिसतात आणि पुढची पन्नास वर्षं तिथे राहणारी माणसं त्याची किंमत मोजतात. घर पाडून पुन्हा बांधता येतं, मजले चढवता येतात. दोन्ही बाजूंनी घरं झालेला रस्ता मात्र कुणालाच रुंद करता येत नाही.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे : स्वतःच्या शेताचा लेआउट करायचं मनात असलेलं कुटुंब, आर्किटेक्टच्या ऑफिसात नुकताच लागलेला ड्राफ्ट्समन, आणि प्लॉट घेण्याआधी नकाशा वाचायला शिकू पाहणारा. नियम महाराष्ट्राचे धरले आहेत. डिसेंबर २०२० पासून मुंबई महापालिका, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं क्षेत्र) असे काही अपवाद वगळता बहुतेक राज्यात एकच एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. ऑफिसात तिला सगळे युडीसीपीआर म्हणतात. तिच्यात अधूनमधून बदल होतात, म्हणून खालचे आकडे समजून घ्या आणि नकाशा दाखल करण्यापूर्वी चालू प्रत काढून एकदा ताडून पाहा.

पायरी १ : कागद आणि मोजणी

सातबारा, आठ-अ, फेरफार, गट नकाशा, आणि झोन दाखला. झोन दाखला म्हणजे विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत तुमचा गट निवासी विभागात येतो की शेती विभागात, त्यावरून आराखड्यातला एखादा रस्ता जातो का, कुठलं आरक्षण आहे का, याचा कागद. तो आधी काढा. आराखड्यातला रस्ता गटाच्या मधून जात असेल तर तुमचं सगळं रेखाटन त्या रस्त्याभोवतीच फिरणार.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, हे पाहा. वर्ग २ म्हणजे विक्री-हस्तांतरावर सरकारी निर्बंध असलेली जमीन. ती असेल तर महसूल खात्याच्या परवानगीशिवाय पुढे सरकू नका. इतर हक्कांच्या रकान्यात विहिरीचा हिस्सा, पाइपलाइन, जाण्यायेण्याची वहिवाट असं काही लिहिलेलं असतं. ते बारीक अक्षर वाचा, कारण लेआउट झाला म्हणून ती वहिवाट नाहीशी होत नाही.

मग भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी. सातबाऱ्यावर एक हेक्टर लिहिलं असलं तरी जागेवर तेवढं असेलच असं नाही. बांध सरकलेले असतात, ओढ्याने काठ खाल्लेला असतो. शेजाऱ्यांना नोटीस जाऊन हद्दीच्या खुणा पडल्या की मगच टोटल स्टेशनने (अंतर आणि कोन मोजणारं यंत्र) सर्वेक्षण करून घ्या, आणि ते करताना सर्वेअरला दर अर्ध्या मीटर उंचीला समतल रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढायला सांगा. बरेच जण हा खर्च वाचवतात. मला विचाराल तर अख्ख्या प्रकल्पात यापेक्षा स्वस्त आणि उपयोगी खर्च दुसरा नाही. विजेचे खांब, मोठी झाडं, विहीर, शेजारच्या शेतातून येणारा पाट, सगळं त्या नकाशावर यायला हवं.

हिशेबाची एकदा सवय करून घ्या : एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर किंवा १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे ४०४७ चौरस मीटर. हेक्टर म्हणजे १०० आर, १०,००० चौरस मीटर.

पायरी २ : पावसात शेत फिरून या

हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, तरी मी सगळ्यात आधी हेच सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एका गटाचा लेआउट उन्हाळ्यात आखला. वरच्या शेतातून येणारा एक उथळ पाट तेव्हा कोरडा होता, मोजणीच्या नकाशावर नव्हता आणि मी तो धरला नाही. त्याच्या वाटेवर दोन प्लॉट पडले. पहिल्याच मोठ्या पावसात पाण्याने आपली जुनी वाट पकडली आणि नव्या पायाचे खड्डे भरून गेले. पुढे रस्त्याच्या कडेने मोठं गटार काढून ते पाणी वळवावं लागलं. तो भुर्दंड माझ्या एका रेघेमुळे पडला होता आणि त्या दोन घरच्या लोकांसमोर उभं राहणं मला फार जड गेलं.

एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १० लाख लिटर पाणी होतं. यातलं काही आज मुरतं. रस्ते, गच्च्या आणि फरशी झाल्यावर मुरणं कमी होतं आणि वाहणं वाढतं. म्हणून शेतातली सर्वांत सखल जागा शोधा, पाणी गटाबाहेर कुठे पडतं ते पाहा आणि त्या वाटेला नकाशावर पहिली रेघ द्या. नैसर्गिक नाला बुजवायचा नाही, काटकोनात वळवायचाही नाही. नाला आणि नदीच्या काठापासून किती अंतर सोडायचं ते नियमावलीत दिलेलं आहे.

नदीकाठच्या गावांत पूररेषा पाहिल्याशिवाय पेन्सिल उचलू नये. जलसंपदा विभागाने आखलेली निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये निर्बंध. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगलीत ज्यांनी पाणी पाहिलं, त्यांना या रेषा कशासाठी असतात ते समजावून सांगावं लागत नाही.

वरून विजेच्या तारा जात असतील तर त्यांचंही अंतर असतं. ११ केव्हीपर्यंतच्या उच्चदाब तारेपासून बांधकाम आडवं १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर दूर हवं, आणि ३३ केव्हीपर्यंत आडवं अंतर २ मीटर. अशा तारेखाली प्लॉट पाडण्याऐवजी रस्ता घ्या. तार रस्त्यावरून गेली तर कुणाचं काही अडत नाही.

पायरी ३ : आत येणारा रस्ता

बहुतेक लेआउट इथेच अडतात. गटाला लागून सार्वजनिक रस्ता आहे का, तो गाव नकाशात दिसतो का आणि त्याची नोंदलेली रुंदी किती, या तीन गोष्टी कागदावर सिद्ध व्हायला हव्यात. "आमच्या आजोबांपासून बैलगाडी जाते" याने वहिवाट सिद्ध होईल, लेआउट मंजूर होणार नाही. तहसीलदारांकडून महसूल संहितेच्या कलम १४३ खाली मिळालेला बांधावरचा रस्ता शेतात जाण्यायेण्यासाठी असतो. त्यावर चाळीस घरांची वसाहत उभी करता येत नाही.

पाणंद अरुंद असेल तर तिच्या मध्यापासून मोजून आपल्या बाजूची पट्टी रुंदीकरणासाठी सोडावी लागते. ती सुरुवातीलाच वजा करा. गट राज्य किंवा राष्ट्रीय महामार्गाला लागून असेल तर इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा, म्हणजे महामार्गापासून बांधकाम किती दूर ठेवायचं ते, बघा, आणि प्रत्येक प्लॉटचं फाटक महामार्गावर उघडण्याचा विचार मनातून काढून टाका.

पायरी ४ : आतले रस्ते

नियम असा : सर्वसाधारण निवासी लेआउटमध्ये आतला रस्ता १५० मीटर लांबीपर्यंत ९ मीटर रुंद, १५० ते ३०० मीटरसाठी १२ मीटर आणि त्यापुढे १५ मीटर. लांबी वाढली की रुंदी का वाढते? लांब रस्त्यावर घरं जास्त, म्हणून गाड्या जास्त, गटारात पाणी जास्त, आणि टोकाच्या घरापर्यंत अग्निशमनची गाडी पोहोचायला वाट मोकळी हवी.

मुख्य रस्त्याची लांबी सार्वजनिक रस्त्यापासून सर्वांत दूरच्या प्लॉटपर्यंत मोजतात, आणि उपरस्त्याची तो जिथून फुटतो तिथपासून पुढच्या जास्त रुंदीच्या रस्त्याला मिळेपर्यंत. वळसा घालून येणाऱ्या रस्त्याची लांबी तुमच्या नगररचना कार्यालयात कशी धरतात, ते रेखाटन घेऊन जाऊन आधीच विचारा. एका भेटीत दोन महिने वाचतात.

बंद गल्लीबद्दल थोडं सविस्तर. १५० ते २७५ मीटर लांबीची बंद गल्ली फक्त निवासी भागात, सरळ रस्त्यावरच चालते, आणि १५० मीटरवर गाडी वळवायला जादा जागा लागते. ही वळणाची जागा किमान ८१ चौरस मीटर, कुठल्याही बाजूने ९ मीटरपेक्षा कमी नको. आणखी एक अट मला फार शहाणपणाची वाटते : गल्लीचं बंद टोक तिच्या तोंडापेक्षा उंच असलं पाहिजे. टोक खोल असेल तर सगळ्या गल्लीचं पाणी शेवटच्या घरात शिरणार. तरीसुद्धा बंद गल्ली शक्यतो टाळाच. कचऱ्याची गाडी, टँकर, शाळेची बस, सगळ्यांना उलटं यावं लागतं, आणि त्याच रस्त्यावर मुलं खेळत असतात.

आता एक उदाहरण घेऊ. ८० मीटर रुंद आणि १२५ मीटर खोल असा बरोबर एक हेक्टरचा गट. समोर ८० मीटरच्या बाजूला पुरेसा रुंद सार्वजनिक रस्ता आहे. नवखा माणूस मधोमध एक रस्ता टाकतो. मग दोन्ही बाजूंना ३५.५ मीटर खोलीचे प्लॉट उरतात : लांबडे, अंधारे, विकायला अवघड. त्याऐवजी दोन समांतर रस्ते घ्या. रुंदीची बेरीज अशी लागते : १५.५ मीटर प्लॉट, ९ रस्ता, १५.५ प्लॉट, पुन्हा १५.५ प्लॉट, ९ रस्ता, १५.५ प्लॉट. एकूण ८०. दोन्ही रस्ते मागच्या हद्दीला ९ मीटरच्या आडव्या रस्त्याने जोडा. बंद टोक राहिलं नाही. हा वळसा मध्यरेषेवर सुमारे २८१ मीटरचा होतो, त्यामुळे सर्वांत दूरचं घर कुठल्याही बाजूने समोरच्या रस्त्यापासून साधारण १४० मीटरवर येतं.

क्षेत्राचा हिशेब : दोन उभे रस्ते २२५० चौरस मीटर, आडवा २७९, मिळून २५२९. मधल्या पट्ट्यात ३१ बाय ३२.५ मीटरची खुली जागा, म्हणजे १००७.५. उरले ६४६३.५ चौरस मीटर. बाहेरच्या दोन रांगांत बारा-बारा आणि मधल्या दोन रांगांत आठ-आठ, असे चाळीस प्लॉट, प्रत्येकी साधारण १६१ चौरस मीटर, म्हणजे १.६ गुंठा. कोपरे गोल केल्यावर थोडं आणखी घटेल. एका हेक्टरातून विकण्याजोगं ६४ टक्क्यांच्या आसपास हाती येतं. तुम्हाला कुणी ८० टक्के काढून देतो म्हणाला, तर नकाशावर रस्त्याची रुंदी मोजा आणि खुली जागा शोधा. दोन्हींपैकी एक नक्की गायब असेल.

मागचा आडवा रस्ता अगदी हद्दीवर ठेवण्यामागे कारण आहे. उद्या मागच्या शेताचा लेआउट झाला तर तो रस्ता पुढे जोडता येतो. नियमावलीनुसारही प्राधिकरण शेजारच्या जमिनीसाठी रस्ता पुढे न्यायला सांगू शकतं. काही मालक त्या टोकाला एक फुटाची पट्टी स्वतःकडे ठेवून वाट अडवतात. अशाने गाव तुटक गल्ल्यांचं बनतं. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याला घरांच्या आधी रस्ते आखले. तिथल्या पारशी आणि हिंदू कॉलनीतून आज चालून पाहा, झाडांच्या सावलीत गल्लीतून गल्लीत जाता येतं.

कोपरे : ९ मीटरचे दोन रस्ते काटकोनात मिळत असतील तर छेदनबिंदूपासून दोन्हीकडे अर्ध्या रुंदीएवढं, म्हणजे ४.५ मीटर सोडून कोपरा गोल करा. कोपऱ्यावरच्या प्लॉटधारकाला तो तुकडा गेल्याचं वाईट वाटतं, पण वळणावर समोरून येणारी सायकल दिसते ती त्याच तुकड्यामुळे. चार रस्त्यांच्या चौकापेक्षा तीन रस्त्यांची तिकाटणं घ्या. घरांच्या गल्लीत ती जास्त सुरक्षित असतात. साठ अंशांपेक्षा कमी कोनात रस्ते मिळवूच नका.

९ मीटरमध्ये काय काय मावतं? मधे ६ मीटरचा डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता आणि दोन्हीकडे दीड-दीड मीटर. या दीड मीटरात गटार, झाड, दिव्याचा खांब. मधोमध उंची ठेवून दोन्हीकडे पन्नासला एक उतार दिला, की ६ मीटर रस्त्याची कड मध्यापेक्षा ६ सेंटिमीटर खाली येते. लांबीच्या दिशेने दोनशेला एक उतार धरला तर १२५ मीटरमध्ये ६२.५ सेंटिमीटरचा फरक पडतो. तेवढा उतार समतल रेषांवर मिळत नसेल तर मुरूम कुठे भरायचा ते आत्ताच ठरवा, प्लॉटची जोती बांधून झाल्यावर नाही. पिण्याच्या पाण्याची नळी एका कडेला आणि वरच्या पातळीवर, सांडपाण्याची दुसऱ्या कडेला आणि खाली. दोन्ही एकाच चरात टाकण्याचा मोह गुत्तेदाराला होतो. होऊ देऊ नका. झाडं कडुनिंब, बकुळ, करंज अशी लावा. वड-पिंपळ खुल्या जागेसाठी ठेवा, गटाराच्या कडेला नको.

पायरी ५ : खुली जागा

लेआउटचं क्षेत्र ०.४ हेक्टर किंवा त्याहून जास्त असेल तर १० टक्के मनोरंजनासाठी खुली जागा सोडावी लागते. पूर्ण एक एकर ४०४७ चौरस मीटरचा असल्याने तो ही मर्यादा थोडक्यात ओलांडतो आणि चार गुंठे खुल्या जागेला जातात. ती शक्यतो एकाच ठिकाणी हवी. ०.८ हेक्टरपेक्षा मोठ्या लेआउटमध्ये विभागता येते, पण कुठलाही तुकडा २०० चौरस मीटरपेक्षा लहान नको. किमान बाजू १० मीटर, आणि सरासरी रुंदी २० मीटरपेक्षा कमी असेल तर लांबी रुंदीच्या अडीच पटींपेक्षा जास्त चालत नाही. शिवाय तिला स्वतंत्र रस्ता लागतो.

ही मापं का आली ते लक्षात घ्या. पूर्वीच्या नकाशांत नाल्याकाठची चिंचोळी पट्टी, तिरका उरलेला त्रिकोण, तारेखालची जागा "ओपन स्पेस" म्हणून दाखवलेली असायची. तिथे ना मूल खेळलं, ना म्हातारी बसली. पुढे तिथे कचरा पडला, मग अतिक्रमण झालं. वरच्या उदाहरणात ती जागा मी मधल्या पट्ट्यात, दोन्ही रस्त्यांना लागून ठेवली आहे. खिडकीतून दिसणारी जागा लोक सांभाळतात. खुल्या जागेसमोरचे प्लॉट चांगल्या भावाने जातात, हा मालकाचाही फायदा.

विकास आराखडा असलेल्या भागात लेआउट २ हेक्टर किंवा मोठा असेल तर ५ टक्के सुविधा क्षेत्र (शाळा, दवाखाना अशा सोयींसाठी) वेगळं. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांत, म्हणजे पुणे, नागपूर, नाशिक अशा ठिकाणी, ४००० चौरस मीटर आणि त्यावरच्या लेआउटमध्ये निव्वळ क्षेत्राच्या २० टक्के जागेत ३० ते ५० चौरस मीटरचे छोटे प्लॉट आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावे लागतात. ते मागच्या कोपऱ्यात ढकलू नका. रोहित्रासाठी (ट्रान्सफॉर्मर) महावितरणला जागा लागते, तीही आत्ताच दाखवा.

प्लॉटची दिशा

उत्तर-दक्षिण रस्ता घेतला की प्लॉट पूर्वाभिमुख आणि पश्चिमाभिमुख होतात. पूर्व-पश्चिम रस्त्यावर ते उत्तर आणि दक्षिणेला तोंड करतात. आपल्याकडे दक्षिणेचा प्लॉट मागे राहतो, हे विकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. उन्हाच्या दृष्टीने मात्र पश्चिमेची भिंतच जास्त तापते. मी उताराला पहिला मान देतो, दिशेला दुसरा. पाणी नीट वाहत नसेल तर पूर्वेचं दार काय कामाचं?

पायरी ६ : मंजुरी

ही पायरी कंटाळवाणी, पण क्रम चुकवू नका. महापालिका, नगरपरिषद किंवा नगररचना कार्यालयात नकाशा दाखल होतो, तात्पुरती मंजुरी मिळते. त्याप्रमाणे जागेवर आखणी, भूमी अभिलेखकडून मोजणी, रस्ते, गटारं, पाणी, वीज यांची कामं, आणि मग अंतिम मंजुरी. त्यानंतर कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलाची महसुली नोंद) होऊन प्रत्येक प्लॉटचा, रस्त्याचा आणि खुल्या जागेचा वेगळा सातबारा निघतो. एनएची, म्हणजे जमीन बिगरशेती करण्याची, महसुली प्रक्रिया गेल्या काही वर्षांत बरीच सुटसुटीत झाली आहे. सध्या तुमच्या जमिनीला त्यातलं काय लागू होतं, तलाठ्याकडे विचारा. एनए झालं म्हणजे लेआउट मंजूर झाला असं मात्र नाही.

तात्पुरत्या मंजुरीवर प्लॉट विकू नका. ५०० चौरस मीटर क्षेत्र आणि आठ प्लॉट या दोन्ही मर्यादा ओलांडणाऱ्या विक्रीच्या लेआउटला महारेराची (राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणी लागते, आणि तिच्याआधी जाहिरातही करता येत नाही.

"सरळ गुंठा-गुंठा करून विकू" असा सल्ला गावात कुणीतरी देतोच. शेती विभागातल्या जमिनीला १९४७ चा तुकडेबंदी कायदा त्याच्या आड येतो. त्याला वळसा घालून झालेल्या वस्त्या नियमित करायला राज्याला २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला, आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवावी लागली. कागद नियमित होतो, दहा फुटांची गल्ली दहा फुटांचीच राहते.

पायरी ७ : जागेवर आखणी

नकाशातले कोपरे जमिनीवर उतरवताना कर्ण मोजल्याशिवाय दगड रोवू नका. आपल्या उदाहरणातल्या गटाचे दोन्ही कर्ण १४८.४ मीटर यायला हवेत, आणि १०.४२ बाय १५.५ मीटरच्या प्लॉटचे १८.६८. दोन कर्णांत फरक आला की समजा, कोन काटकोन नाही. पहिल्या प्लॉटमध्ये दहा सेंटिमीटर चुकलात आणि पुढचं प्रत्येक माप मागच्या खुणेपासून घेत गेलात, तर शेवटच्या प्लॉटपर्यंत चूक वाढत जाते. म्हणून सगळी मापं एकाच मूळ खुणेपासून घ्या. रस्त्याच्या दोन्ही कडा सर्वांत आधी आखा, त्यावर दगड पक्के काँक्रीटमध्ये बसवा, मग प्लॉटच्या रेषा. नळ्या आणि केबल पुरण्यापूर्वी प्रत्येक चराचा फोटो काढा. बाजूला टेप धरून खोली आणि कडेच्या दगडापासूनचं अंतर त्यात दिसू द्या. ते फोटो आणि मंजूर नकाशाची एक प्रत प्लॉटधारकांच्या सोसायटीकडे द्या. दहा वर्षांनी गळती शोधायला येणारा प्लंबर आधी तेच मागेल.